‘क्रिटीक’ म्हणजे टीका का? शब्दाचा अर्थ आणि त्याचं मूळ

प्रश्न थोडक्यात असा. चोपडा तालुक्यातली एक विद्यार्थिनी इंग्रजीत एम.ए. करते आहे. बहिणाबाईंच्या कवितांच्या इंग्रजी अनुवादांवर तिनं प्रबंधिका लिहिली. तिसऱ्या प्रकरणावर मार्गदर्शकांनी लाल शाईत शेरा दिला, ‘हे क्रिटिसिझम झालं, क्रिटीक नाही.’ तिनं शब्दकोश उघडला, तर दोन्ही शब्दांपुढे ‘टीका, समीक्षा’ एवढंच. म्हणून ती विचारते, फरक काय, हा शब्द मुळात आला कुठून, आणि मराठीत त्याला म्हणायचं काय?

ताई, शेरा बरोबर आहे, पण नुसता शेरा मारून मोकळं होणं बरोबर नाही. मी जळगाव जिल्ह्यात ३५ वर्षं इंग्रजी शिकवलं. हाच शेरा मीही मुलांच्या वह्यांवर कितीदा दिला असेल, आणि ‘म्हणजे काय सर?’ असं एखाद्यानं विचारलं की पहिली काही वर्षं माझीच तारांबळ उडायची. शब्दाचा इतिहास पुस्तकात वाचला तो पुढे. त्याचा अर्थ मात्र फार आधी, घरच्या ओट्यावर, आजीच्या सुपात पाहिला होता. तिकडे येतोच.

आधी उच्चार नीट करून घेऊ. ‘क्रिटिक’ म्हणजे समीक्षक, माणूस. जोर पहिल्या अक्षरावर. ‘क्रिटीक’ म्हणजे त्या माणसानं केलेली तपासणी. जोर शेवटच्या अक्षरावर, आणि ‘टी’ दीर्घ. इंग्रजीत या दोन शब्दांची स्पेलिंगं वेगळी आहेत, देवनागरीत मात्र दोघांमध्ये फरक तो फक्त एका वेलांटीचा. अशा खुणांना, म्हणजे अक्षराच्या डोक्यावर-पायाशी लावून उच्चार वेगळा काढणाऱ्या चिन्हांना, इंग्रजीत ‘डायाक्रिटिक’ म्हणतात. हा शब्दही याच घराण्यातला. ‘वेगळं करून दाखवणारी खूण’ हा त्याचा सरळ अर्थ. एका वेलांटीनं माणूस आणि त्याचं काम वेगळं झालं, आणि त्या वेलांटीच्या इंग्रजी नावातही ‘वेगळं करणं’च बसलंय.

आता मूळ. ग्रीक भाषेत ‘क्रिनेइन’ असं क्रियापद आहे. वेगळं काढणं, निवडणं, आणि निवडून झाल्यावर निर्णय देणं, हे सगळं त्यात येतं. त्यावरून ‘क्रितिकोस’ म्हणजे ज्याला असा निवाडा करता येतो तो, आणि ‘क्रितिके तेख्ने’ म्हणजे निवाडा करण्याची विद्या. लॅटिनमधून फ्रेंचमध्ये आणि फ्रेंचमधून इंग्रजीत असा शब्दाचा प्रवास झाला. ‘क्रिटिक’ इंग्रजीत आला १६व्या शतकाच्या अखेरीस. १७व्या शतकात माणूस आणि काम, दोन्हींसाठी एकच शब्द चालायचा. कामासाठी फ्रेंच वळणाचं ‘क्रिटीक’ वेगळं झालं ते १८व्या शतकाच्या सुरुवातीला, आणि त्याचं क्रियापद १७५१पासून सापडतं. हे मुद्दाम सांगतो, कारण ‘क्रिटीक करणं हे अमेरिकन प्राध्यापकांनी काढलेलं फॅड आहे’ असं ऐटीत सांगणारे लोक अजून भेटतात. पावणेतीनशे वर्षांच्या जुन्या क्रियापदाला फॅड म्हणणं जरा जास्तच होतं.

पण ग्रीकवर थांबलं तर निम्मीच गोष्ट हाती लागते. ‘क्रिनेइन’च्याही मागे, ग्रीक, लॅटिन, इंग्रजी, संस्कृत या सगळ्यांच्या पूर्वज भाषेतला जो धातू मानला जातो, त्याचा अर्थ आहे चाळणं. साधी पीठ-धान्याची चाळणी. लॅटिनमध्ये चाळणीला ‘क्रिब्रुम’ म्हणतात, ती याच धातूची. जुन्या इंग्रजीत मोठ्या भोकांच्या चाळणीला ‘रिडल’ म्हणत, तीही याचीच. (कोडं या अर्थाचा ‘रिडल’ वेगळा, त्याचा याच्याशी संबंध नाही.) म्हणजे ज्या शब्दाला आपण एवढा घाबरतो तो विद्यापीठात जन्मला नाही, खळ्यावर जन्मला.

माझं बालपण अमळनेरजवळच्या खेड्यात गेलं. दादर, म्हणजे आमच्याकडची ज्वारी, घरात आली की आजी ओट्यावर सूप घेऊन बसायची. पाखडताना सुपाचं तोंड पुढे, मनगटाला झटका. दाणे वर उडाले की फोलपट पुढच्या कडेवरून बाहेर जाणार आणि दाणा मागे सुपाच्या पोटात येणार. मग घोळणं. सूप आडवं धरून गोल गोल फिरवायचं, की खडे एका अंगाला जमा होतात. ते बोटानं वेचायचे. दोन्ही कामं एकाच सुपानं, पण हात वेगळा. एकदा मी हट्टानं सूप घेतलं आणि जोरात पाखडायला लागलो. फोलपट तर गेलंच, त्याबरोबर पसाभर दादरही अंगणात, कोंबड्यांची दिवाळी. आजी ओरडली, ‘आरे, दाना बी उडी ऱ्हायना तुन्हा!’ म्हणजे, अरे, तुझा दाणाही उडतोय!

पुढे मास्तर झाल्यावर मुलांची पुस्तक-परीक्षणं तपासताना समासात मी हेच लिहू लागलो: ‘दाना उडी ऱ्हायना’. अहिराणी न येणाऱ्या पोरांनाही दोन आठवड्यांत कळायचं, सर कशाबद्दल बोलताहेत. दोष काढण्याच्या भरात पुस्तकातलं चांगलंही उधळून दिलंय, एवढाच त्याचा अर्थ. तुमच्या प्रकरणात नेमकं काय झालं ते शेवटी पाहू.

चाळणीच्या या धातूची पोरं-नातवंडं मोजायला बसलं तर दिवस जाईल. लॅटिनमध्ये त्याचं ‘केर्नेरे’ झालं, त्यातून इंग्रजीला डिसर्न, सर्टन, कन्सर्न मिळाले. ‘सीक्रेट’ म्हणजे वेगळं काढून ठेवलेलं, आणि अशा गोष्टी ज्याच्याजवळ विश्वासानं ठेवायच्या तो ‘सेक्रेटरी’. आपल्या पतपेढीतल्या सेक्रेटरीला हे सांगून पाहा, खूश होईल. ‘डिस्क्रिमिनेशन’ याचंच, ‘क्राइम’ याच्याच कुळातला मानतात, ‘क्रायटेरियन’ तर उघडच आहे. शरीरातल्या ज्या ग्रंथी स्राव वेगळा काढून रक्तात सोडतात त्या एंडोक्राइन. आणि जे वेगळं होऊन शरीराबाहेर जातं त्याला इंग्रजीत ‘एक्स्क्रिमेंट’ म्हणतात; काही परीक्षणं वाचताना हे नातं फार जवळचं वाटतं.

‘गार्बल’ची गंमत वेगळीच. अरबीत ‘गर्बला’ म्हणजे चाळणं. तो शब्द बहुधा लॅटिन चाळणीवरूनच गेलेला. भूमध्य समुद्रावरच्या मसाल्याच्या व्यापारातून तो इटालियनमार्गे इंग्रजीत आला. लंडन शहरात तर मसाले तपासून त्यातला काडीकचरा काढायला नेमलेला अधिकारीच असे, त्याला गार्बलर म्हणत. म्हणजे गार्बल करणं हे स्वच्छ करण्याचं काम. पुढे लोक दुसऱ्याच्या लिखाणातले सोयीचे तुकडे तेवढे निवडून घेऊ लागले आणि मूळ म्हणण्याचा चुथडा व्हायला लागला. तेव्हापासून गार्बल म्हणजे गोंधळ करून ठेवणं. चाळणी तीच, चाळणाऱ्याची नियत बदलली.

‘क्रायसिस’ आणि ‘क्रिटिकल’ या दोघांशी खान्देशातल्या प्रत्येक कुटुंबाची ओळख आहे, आणि ती दवाखान्यातच झालेली असते. माझे काका अतिदक्षता विभागात होते तेव्हा डॉक्टर बाहेर येऊन ‘क्रिटिकल आहे’ एवढं म्हणून निघून गेले. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. घरातला इंग्रजीचा मास्तर मी. ‘गंभीर आहे’ म्हणालो असतो तर तिनं तिथंच बसकण मारली असती. मी म्हणालो, ‘काकू, आज-उद्यात निकाल लागेल, अजून लागलेला नाही.’ धीर द्यायला म्हणून बोललो, पण शब्दाचा जुना अर्थ खरोखर तोच होता. ग्रीक वैद्यकात, हिपोक्रेटिसच्या परंपरेत, ‘क्रिसिस’ म्हणजे आजाराचा निवाड्याचा क्षण, जिथून रोगी एकतर सुधारतो नाहीतर जातो. संकट हा अर्थ त्यावर नंतर चढला. काका सुधारले, आणखी नऊ वर्षं जगले.

‘हिपोक्रिट’ही यांच्यातलाच. ग्रीकमध्ये ‘हुपोक्रितेस’ म्हणजे रंगमंचावर उत्तर देणारा, नट. नटाचा ढोंगी कसा झाला हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. ‘सोंग’ या शब्दाचं आपण तेच केलंय: तमाशातला सोंगाड्या आपल्या आवडीचा, पण ‘सोंगं करू नको’ म्हटलं की शिवी.

आपल्याकडे या कल्पनेला काय म्हणत? शब्द वेगळा, पण चित्र तेच. संस्कृतात ‘विच्’ धातू आहे, त्याचा अर्थ वेगळं करणं, आणि विशेष करून पाखडून दाणा व फोलपट वेगळं करणं. ‘वि’ उपसर्ग लावून त्याचा ‘विवेक’ होतो. आपण विवेक म्हटलं की हात जोडतो, स्वामी विवेकानंद आठवतात, नित्य-अनित्य विवेक आठवतो. तळाशी आहे सूप. ग्रीक ‘क्रिनेइन’ आणि आपला ‘विच्’ यांचं रक्ताचं नातं नाही, दोन वेगळे धातू आहेत. पण दोन्हीकडच्या माणसांनी बुद्धीच्या कामाला नाव देताना धान्य निवडणाऱ्या बाईकडेच पाहिलं.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात, ७१व्या सूक्ताच्या दुसऱ्या ऋचेत, हे चित्र शब्दशः आहे: ‘सक्तुमिव तितउना पुनन्तः’. चाळणीनं सातू चाळून स्वच्छ करावा तशी धीर माणसांनी मनानं वाणी घडवली. ‘तितउ’ म्हणजे चाळणी. पतंजलीनं पाणिनीच्या व्याकरणावरच्या महाभाष्याच्या पहिल्याच आह्निकात, म्हणजे प्रकरणात, व्याकरण शिकायचं कशासाठी हे सांगताना, ही ऋचा घेतली आहे. समीक्षेचं शास्त्र आपल्याकडे इंग्रजांबरोबर आलं असं म्हणणाऱ्यांना मी ही ऋचा दाखवतो, आणि ‘सगळं आपल्याच वेदांत होतं’ म्हणणाऱ्यांना ग्रीक धातू दाखवतो. दोघंही थोडे नाराज होतात.

इथेच एक सावधगिरीची गोष्ट. एका व्याख्यानात मी स्वतः ऐकलंय की ‘क्रिटिक’ हा संस्कृत ‘कृति’पासून आला, कृतीबद्दल बोलतो तो कृतिक. टाळ्या पडल्या. हे साफ चूक आहे. ‘कृ’ म्हणजे करणं, त्याचा या चाळणीशी काही संबंध नाही. कानाला सारखं वाटलं म्हणून शब्द नातेवाईक होत नाहीत. घरचंच उदाहरण घ्या: ‘पारखणे’ आणि ‘पाखडणे’ ऐकायला जुळे वाटतात, अर्थही शेजारचे. पण पारखणे हे ‘परीक्ष्’वरून आलेलं, परि म्हणजे सगळीकडून आणि ईक्ष् म्हणजे पाहणं, पाखडणे त्याचं भावंड नव्हे. व्युत्पत्तीचं वेड आपल्या भागाला नवं नाही. इतिहासाचार्य राजवाडे अखेरच्या काळात धुळ्याला राहिले, १९२६ साली तिथेच गेले, आणि त्यांच्या मराठी धातुकोशाचं काम धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळानं पुढे आणलं. राजवाड्यांची झेप अफाट, पण त्यांच्या कित्येक व्युत्पत्ती पुढच्या अभ्यासकांनी मान्य केल्या नाहीत. मराठीचा व्युत्पत्तिकोश करणारे कृ. पां. कुलकर्णी १९५२च्या अमळनेर साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. त्याच वर्षी बहिणाबाईंची गाणी पुस्तकरूपानं आली. व्युत्पत्तीचा अभ्यासक खान्देशात अध्यक्ष आणि खान्देशातली न शिकलेली कवयित्री छापून बाहेर, दोन्ही एका साली. मला या योगायोगाचं फार कौतुक आहे.

बरं, चाळणीचा शब्द दोष काढण्याकडे कधी झुकला? जवळजवळ पहिल्या दिवसापासून. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’मध्ये इयागो स्वतःबद्दल म्हणतो की क्रिटिकल नसेन तर मी काहीच नाही, त्याचा रोख खोड काढण्याकडेच आहे. उलट १६७७मध्ये इंग्रज कवी ड्रायडन तक्रार करतो की क्रिटिसिझमचं मुख्य काम दोष शोधणं असं ज्यांना वाटतं त्यांना ते मुळीच कळलेलं नाही. समंजस वाचकाला आनंद देतील असे गुण टिपणं हा त्याचा मोठा भाग आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वीही तेच भांडण. रोजच्या इंग्रजीत ‘क्रिटिसाइझ’ हा शब्द दोषाच्याच बाजूला जाऊन बसला, तो परत आला नाही. त्यामुळे नुसती तपासणी करायची असेल, निकाल कुठल्याही बाजूला जाऊ शकत असेल, तर लोकांना दुसरा शब्द हवा होता. ‘क्रिटीक’ त्या जागेवर आला. साहित्याच्या वर्गात ‘क्रिटिसिझम’ अजूनही समीक्षा या चांगल्या अर्थानं चालतो, पण वर्गाबाहेर पडला की त्याचा सूर बदलतो. तुमच्या मार्गदर्शकांनी तो बाहेरच्या सुरात वापरला आहे.

‘क्रिटीक’ला वजन आलं ते तत्त्वज्ञानातून. जर्मन तत्त्वज्ञ कांटचा पहिला मोठा ग्रंथ १७८१चा, ‘क्रिटीक ऑफ प्युअर रीझन’. त्याच्या जर्मन नावातला ‘क्रिटिक’ इंग्रजीत ‘क्रिटीक’ झाला. कांट तिथे बुद्धीला नावं ठेवत नाही. बुद्धीला काय कळू शकतं, कुठपर्यंत कळू शकतं, आणि कुठे ती आपली हद्द ओलांडते, हे तो तपासतो. मराठीत कोणी त्याला चिकित्सा म्हणतं, कोणी मीमांसा. ‘टीका’ म्हटलं तर अनर्थच होईल. मार्क्सनं ‘भांडवल’च्या उपशीर्षकात हाच शब्द घेतला, तिथेही अर्थशास्त्राची नुसती निंदा नाही, ते शास्त्र ज्या गृहीतकांवर उभं आहे त्यांची झडती आहे. हे वाचायला आपल्याला पुण्या-मुंबईला जायची गरज नव्हती. अमळनेरला प्रताप शेठजींनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं, देशभरचे अभ्यासक तिथे येऊन राहत, वेदान्त आणि पाश्चात्त्य तत्त्वज्ञान शेजारी ठेवून वाचलं जाई, आणि ‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ नावाचं इंग्रजी त्रैमासिक तिथून निघे.

‘चिकित्सा’ हा शब्द मला या कामासाठी सगळ्यांत आवडतो. मूळ धातू ‘चित्’, जाणणं. पुढे उपचार करणं असा अर्थ झाला, आणि मराठीत दोन्ही टिकले: शल्यचिकित्सा दवाखान्यात, चिकित्सक बुद्धी ग्रंथालयात. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं १९१९ ते १९६६ एवढा काळ खपून महाभारताची जी आवृत्ती केली तिला आपण चिकित्सित आवृत्ती म्हणतो. इंग्रजीत ‘क्रिटिकल एडिशन’. तिथे महाभारताला कोणी नावं ठेवली नाहीत. देशभरच्या हस्तलिखितांतले पाठ समोर ठेवून कुठला जुना, कुठला मागून घुसलेला, हे चाळलं. ‘क्रिटिकल’चा मूळ अर्थ बघायचा असेल तर याहून चांगला नमुना मला माहीत नाही. फक्त बोलीत ‘फार चिकित्सक माणूस आहे’ म्हटलं की मुलगी पाहायला येऊन पोह्यातले शेंगदाणे मोजणारा डोळ्यांसमोर येतो, तेवढं सांभाळायचं.

‘टीका’चं नशीब मात्र फारच वाईट. संस्कृतात टीका म्हणजे ग्रंथाचा उलगडा. ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका, आणि ज्ञानदेवांनी गीतेला झोडपलं असं कोणी म्हणणार नाही. कालिदासाच्या काव्यांवरचा टीकाकार मल्लिनाथ सुरुवातीलाच शपथ घेतल्यासारखं सांगतो, निराधार काही लिहिणार नाही, अनावश्यक काही बोलणार नाही. आज ‘टीका’ म्हटलं की विरोधी पक्षाची पत्रकार परिषद. मी स्वतः पोळलोय. एका दिवाळी अंकात एका स्थानिक कवीच्या संग्रहावर लिहिलं होतं. दोन पानं, त्यातलं दीड पान कौतुकाचं. संपादकांनी मथळा दिला, ‘एका काव्यसंग्रहावर टीका’. कवीनं मथळाच वाचला असावा. त्यानंतर दोन वर्षं ते मला बसस्टँडवर दिसले की पाठ फिरवायचे, आणि त्यांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका गल्लीतल्या सगळ्यांना आली, मला नाही. मथळ्यात ‘रसग्रहण’ असतं तर मी बुंदी खाऊन आलो असतो.

इंग्रजीतल्या शेजाऱ्यांबद्दल थोडंसं, कारण तुम्ही प्रकरणात ‘असेस’, ‘इव्हॅल्युएट’, ‘क्रिटीक’ हे शब्द आलटून-पालटून घातले असणार. ‘असेस’च्या मुळात शेजारी बसणं आहे, न्यायाधीशाच्या बाजूला बसून त्याला मदत करणारा तो असेसर. पुढे तो कर ठरवू लागला, म्हणून आपली शेतसाऱ्याची आकारणी म्हणजे असेसमेंट. ‘अप्रेज’ आणि ‘इव्हॅल्युएट’मध्ये किंमत लावणं आहे. ‘रिव्ह्यू’ म्हणजे पुन्हा पाहणं.

‘असे’ हा सोन्या-चांदीचा कस पाहण्याचा इंग्रजी शब्द मात्र जळगावच्या माणसानं सोडू नये. लॅटिनमधल्या वजन करण्याच्या शब्दापासून तो आला आणि निबंध या अर्थाचा ‘एसे’ त्याचा सख्खा भाऊ. निबंध लिहिणं म्हणजे विषय तोलून पाहणं. आपल्या सराफ बाजारात हे काम डोळ्यांसमोर होतं. काळ्या कसोटीच्या दगडावर दागिना घासायचा, शेजारी माहीत असलेल्या कॅरेटची रेघ ओढायची, वरून नायट्रिक ॲसिडचा थेंब, आणि कुठली रेघ किती टिकते ते पाहायचं. एका रेघेवरून काही कळत नाही. कळतं ते दुसरीच्या शेजारी ठेवल्यावर. इंग्रज कवी-समीक्षक मॅथ्यू आर्नल्डनं १८८०मध्ये कवितेसाठी हीच रीत सुचवली, थोर कवींच्या निवडक ओळी कसोटीच्या दगडासारख्या मनात ठेवा आणि नवी ओळ त्यांना घासून पाहा. आणि ‘क्रायटेरियन’साठी आपण जो ‘निकष’ वापरतो, त्याचा मूळ अर्थ कसोटीचा दगडच.

आता तुमचं प्रकरण. तुम्ही पाठवलेल्या पानावर असं वाक्य आहे: ‘अनुवादकानं उपननी या शब्दासाठी विनोइंग वापरून मूळ कवितेचा आत्मा घालवला आहे.’ (उपननी म्हणजे खळ्यावर वाऱ्यात धान्य सोडून फोलपट उडवून देणं.) ताई, हे पाखडणं झालं, तेही माझ्यासारखं, आठ वर्षांच्या पोराचं. आत्मा कशाला म्हणता, तो गेला हे कशावरून, शब्दानं काय राखलं, काहीच सांगितलेलं नाही. एकदा आपल्या एमआयडीसीतल्या एखाद्या दालमिलमध्ये जाऊन या. तूर आली की आधी चाळणे लावलेले असतात, एकाखाली एक, भोकं वेगवेगळ्या मापांची. वरच्यावर काड्या नि ढेकळं अडकतात, खालून माती पडते, मध्ये तूर राहते, तीही मोठी वेगळी, बारीक वेगळी. शेवटी सॉर्टेक्सचं यंत्र रंग पाहून काळा दाणा हवेच्या फटक्यानं बाजूला उडवतं. मी एकदा तिथल्या मुकादमाला विचारलं, ‘माल चांगला आहे का?’ तो म्हणाला, ‘कोन्त्या चाळनीवरचा?’ भोकाचं माप माहीत असल्याशिवाय तो चांगला-वाईट बोलायलाच तयार नव्हता. आणि जी चुनी खाली पडते तीही कोणी फेकत नाही, गुरांना जाते.

तर ‘उपननी’. आधी चाळणीचं माप सांगा: मी अर्थ, क्रिया आणि बोली या तीन अंगांनी हा शब्द पाहणार आहे. मग चाळा. अर्थ पोचतो का? पोचतो, विनोइंग म्हणजे तेच काम, इथे अनुवादकाला पूर्ण गुण. क्रिया पोचते का? निम्मी. इंग्रजी शब्दात सूपही बसतं आणि वाराही. बहिणाबाईंची उपननी खळ्यावरची आहे, हातानं पाखडायची नव्हे. कवितेत वाऱ्याला हाक आहे, आणि वारा न येणं ही खळ्यावरची खरी धास्ती. हाकेचा तो सूर अनुवादाच्या पुढच्या ओळींत आला असेल तर एका शब्दाचा तोटा तिथे भरून निघतो. आला आहे का, हे तुम्ही ओळ काढून दाखवायचं. बोली पोचते का? नाही. प्रमाण मराठीत ‘उपणणी’, तिच्या तोंडी ‘उपननी’; ‘ण’चा ‘न’ होणं कुठल्याच इंग्रजी शब्दात यायचं नाही. त्याचा दोष अनुवादकावर टाकायचा की दोन भाषांमधल्या अंतरावर, ते तुम्ही ठरवा आणि ठरवण्याचं कारण लिहा. एवढं केलंत की एका वाक्याची दोन पानं होतील, आणि शेवटी तुमचं मत ‘अनुवाद फसला’ असंच राहिलं तरी ते क्रिटीक असेल.

राहिला मराठी शब्दाचा प्रश्न. पुस्तकाची ओळख आणि मत एवढंच असेल तर परीक्षण. साहित्यकृतीची सविस्तर तपासणी असेल तर समीक्षा. ‘सम्’ अधिक ‘ईक्षा’, नीट पाहणं. गृहीतकांपर्यंत खोदायचं असेल तर चिकित्सा. प्रबंधिकेच्या मराठी सारांशात ‘अनुवादांची चिकित्सा’ असं लिहा, ‘अनुवादांवर टीका’ नको. मल्लिनाथानं ते बरोबर समजून घेतलं असतं, पण तोंडी परीक्षेला येणारे बाहेरचे परीक्षक घेतीलच याची खात्री नाही. आणि त्या संग्रहाचा अनुवादक हयात असेल, त्याच्याही घरी कधीतरी लग्न निघेल.